हेडसेटमध्ये ऐकू येतं, पण माइक चालत नाही

पारवा
डेस्कटॉप, विंडोज ११. हेडसेट तारेचा, एकच ३.५ मिमीची पिन, तोंडापर्यंत येणारी माइकची दांडी, तारेवर आवाजाचं चाक आणि म्यूटचं बटण. मागच्या हिरव्या सॉकेटमध्ये पिन लावली की दोन्ही कानांत स्वच्छ आवाज. समोरच्याला मात्र माझं काहीच ऐकू जात नाही. गुलाबी सॉकेटमध्ये लावून बघितलं तर अगदी बारीक, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा आवाज रेकॉर्ड होतो. अर्थात तेव्हा कानात काही नाही. हाच हेडसेट फोनला लावला की माइकसकट चालतो. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकून झाला. माइक गेला म्हणायचं का?

तांब्याची तार
फोनवर चालतोय ना? मग माइक शाबूत आहे, तारही शाबूत आहे. ड्रायव्हरच्या नादी लागू नका, आधी पिनेवरचे काळे पट्टे मोजा.

दोन काळे पट्टे असतील तर पिनेला तीन भाग: टोक, कडी, बूड. म्हणजे डावा कान, उजवा कान, ग्राउंड (वीज परत जाण्याची सामाईक तार). अशा पिनेत माइकला जागाच नसते. तीन काळे पट्टे असतील तर चार भाग: टोक, पहिली कडी, दुसरी कडी, बूड. तुमच्या पिनेला तीन पट्टे असणार, कारण एकाच पिनेवर फोनमध्ये माइक चालतोय.

डेस्कटॉपच्या हिरव्या सॉकेटच्या आत तीनच पत्त्या असतात. तिथे माइकचा सिग्नल पुढे नेणारी तारच नाही. त्यामुळे कितीही सेटिंग बदललं तरी तिथून माइक मिळणार नाही.

पारवा
पट्टे तीनच आहेत. पण मग गुलाबी सॉकेटमध्ये बारीक का होईना, आवाज आला तो कुठून?

तांब्याची तार
तो माइकमधून आलाच नाही! गुलाबी सॉकेट सिग्नल घेतं पिनेच्या टोकावर, आणि तुमच्या पिनेच्या टोकावर आहे डावा कान. कानातला स्पीकर म्हणजे पडदा, त्याला चिकटलेली तारेची गुंडाळी आणि चुंबक. गुंडाळीत वीज सोडली की पडदा हलतो, आणि पडद्यावर बोललं की गुंडाळीत वीज तयार होते. तुम्ही डाव्या कानाच्या स्पीकरलाच माइक करून बोलत होतात. पडदा बोलणं टिपण्यासाठी बनवलेला नाही, म्हणून आवाज क्षीण आणि घागरीतला.

खात्री करायची असेल तर रेकॉर्डिंग चालू ठेवून आधी माइकच्या दांडीवर नखाने टकटक करा, मग डाव्या कानाच्या कपावर. दुसऱ्या वेळी आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी उसळेल, पहिल्या वेळी जेमतेम हलेल.

रिळ
+१. उपाय सोपा आहे: चार भागांच्या एका पिनेच्या जागी तीन भागांच्या दोन पिना देणारा वाय आकाराचा जोड. एका बाजूला एक सॉकेट, दुसऱ्या बाजूला दोन पिना. एका पिनेवर हेडफोनचं चिन्ह, दुसरीवर माइकचं.

इथे लोक हमखास चुकतात, म्हणून जरा फोड करून सांगतो. दिसायला जवळपास सारख्या तीन वस्तू आहेत.

पहिली, एक सॉकेट आणि दोन पिना. तुम्हाला ही हवी.

दुसरी, एक चार भागांची पिन आणि दोन सॉकेट. ही उलट्या कामाची. जुना दोन पिनांचा हेडसेट एकच सॉकेट असलेल्या लॅपटॉपला लावण्यासाठी.

तिसरी, एक तीन भागांची पिन आणि दोन सॉकेट. दोघांनी मिळून गाणी ऐकण्यासाठी. हिच्यात माइकची तारच नाही. दुसरी आणि तिसरी ओळखायची खूण एकच, पिनेवरचे पट्टे. सॉकेटच्या आत डोकावून काही कळत नाही.

खटका
लॅपटॉपवाल्यांसाठी थोडी भर: सॉकेटशेजारचं चिन्ह बघा. नुसता हेडफोन कोरलेला असेल तर ते फक्त ऐकण्याचं. हेडफोनला माइकची दांडी काढलेली असेल तर ते चार भागांच्या पिनेचं. एकच सॉकेट असलेले लॅपटॉप बहुतेक दुसऱ्या प्रकारचे, त्यांना जोड लागत नाही.

काही लॅपटॉप पिन लावल्यावर ‘कोणतं उपकरण लावलं?’ असं विचारतात. घाईत हेडफोन निवडलं गेलं की माइक बंदच राहतो. पिन काढून पुन्हा लावा आणि हेडसेट निवडा. चौकट येतच नसेल तर साउंड चिपच्या स्वतःच्या ॲपमध्ये (रिअलटेक असेल तर रिअलटेक ऑडिओ कन्सोल) ती पुन्हा चालू करता येते.

झाडाखाली
माझ्याकडे थोडं वेगळं. जुना हेडसेट, तीन काळे पट्टे, सॉकेटही बरोबर. गाणी लागतात पण गाणाऱ्याचा आवाज गायब, नुसती वाद्यं, तीही पोकळ. माइक बंद. तारेवरचं कॉलचं बटण दाबून धरलं की गाणं एकदम भरून येतं, सोडलं की पुन्हा पोकळ. हे काय गौडबंगाल?

शून्य ओहम
हे त्या बिघाडाचं ठरलेलं लक्षण आहे, तुम्ही वर्णन नेमकं केलंत. चार भागांच्या पिनेच्या दोन पद्धती आहेत. दोन्हींत टोक म्हणजे डावा आणि पहिली कडी म्हणजे उजवा. पुढचं उलटसुलट:

सीटीआयए: दुसरी कडी ग्राउंड, बूड माइक.
ओएमटीपी: दुसरी कडी माइक, बूड ग्राउंड.

आजचे फोन, लॅपटॉप, गेमचे कंट्रोलर पहिल्या पद्धतीचे. जुने काही हेडसेट दुसऱ्या पद्धतीचे. पद्धत जुळली नाही की कानाच्या दोन्ही स्पीकरांचं ग्राउंड थेट न मिळता माइकमधून वळसा घेऊन मिळतं. माइकचा रोध हजार ओहमच्या वर, त्यामुळे ग्राउंड जवळपास तुटल्यासारखंच. मग दोन्ही स्पीकर एकमेकांना मालिकेत जोडले जातात आणि डाव्या-उजव्यातला फरक तेवढा ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा मिसळलेला असतो, तो वजा होऊन जातो. बटण दाबल्यावर माइकची दोन टोकं एकमेकांना थेट जोडली जातात, ग्राउंड परत मिळतं, गाणं भरून येतं.

मल्टिमीटर असेल तर आणखी सरळ. ओहमवर ठेवा, एक टोक पिनेच्या टोकाला, दुसरं दुसऱ्या कडीला. १६ ते ६४ च्या आसपास आकडा आला आणि डाव्या कानात खरखर झाली तर सीटीआयए. तो छोटा आकडा टोक आणि बूड यांच्यात मिळाला तर ओएमटीपी. उपाय म्हणजे या दोन पद्धतींची अदलाबदल करणारा छोटा जोड, किंवा पिन कापून नवी लावणं.

झाडाखाली
टोक आणि बूड यांच्यात ३३ आला. ओएमटीपीच. धन्यवाद!

पारवा
वाय जोड मिळाला. हिरवी हिरव्यात, दुसरी गुलाबीत. कानात आवाज येतो. माइक अजून गप्प, पट्टी जराही हलत नाही. आता काय?

कळफलक
आता सॉफ्टवेअरकडे वळायला हरकत नाही. वरून खाली या, मधली पायरी गाळू नका.

म्यूटचं बटण आधी. तारेवरचं सरकतं बटण खिशात, खुर्चीच्या हातावर घासून सरकतं. काही हेडसेटमध्ये दांडी वर उचलली की माइक आपोआप बंद होतो. दांडी काढता येणारी असेल तर ती टक्क आवाज होईपर्यंत आत दाबा. अर्धवट बसलेली दांडी बाहेरून नीटच दिसते.

मग सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड. इनपुटखाली नेमकं कोणतं उपकरण निवडलंय ते बघा. वेबकॅमचा माइक, मॉनिटरचा माइक, मोबाइलला जोडायचं एखादं ॲप, यांपैकी कोणीतरी तिथे ठाण मांडून बसलेलं असतं. तिथेच खाली मोअर साउंड सेटिंग्ज, त्यात रेकॉर्डिंगचा टॅब. मोकळ्या जागेत राइट क्लिक करून शो डिसेबल्ड डिव्हायसेस आणि शो डिसकनेक्टेड डिव्हायसेस दोन्हींवर टिक. बंद पडलेला माइक फिकट दिसतो, त्यावर राइट क्लिक, एनेबल. मग सेट ॲज डिफॉल्ट डिव्हाइस आणि डिफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस, दोन्ही. कॉलची काही ॲप्स यातलं दुसरंच बघतात.

मग सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन. इथे तीन वेगवेगळी बटणं आहेत: मायक्रोफोन ॲक्सेस, लेट ॲप्स ॲक्सेस युअर मायक्रोफोन, आणि यादी ओलांडून खाली गेलात की लेट डेस्कटॉप ॲप्स ॲक्सेस युअर मायक्रोफोन. तिसरं खाली लपलेलं असल्यामुळे राहून जातं. ब्राउझर आणि कॉलची बरीच ॲप्स या तिसऱ्यात मोडतात.

पारवा
प्रायव्हसीतली तिन्ही बटणं चालू आहेत. रेकॉर्डिंगच्या टॅबमध्ये माइक दिसतो, पण खाली ‘नॉट प्लग्ड इन’ लिहिलंय.

तांब्याची तार
हे वाक्य फार कामाचं. संगणकाला गुलाबी सॉकेटमध्ये पिन शिरल्याचं कळलेलंच नाही. सॉकेटच्या आत एक स्प्रिंगची पत्ती असते, पिन आत गेली की ती ढकलली जाते आणि चिपला खबर लागते. म्हणजे तीन शक्यता: पिन पूर्ण आत गेलेली नाही, पिन चुकीच्या सॉकेटमध्ये आहे, किंवा पुढच्या बाजूचं सॉकेट वापरताय आणि त्याची आतली केबल मदरबोर्डवर बसलेली नाही. कोणतं सॉकेट वापरताय?

पारवा
पुढचं. मागे हात पोचत नाही म्हणून आता दोन्ही पिना पुढे लावल्यात.

तांब्याची तार
मग आधी मागच्या गुलाबीत लावून बघा, पुढची केबल संशयितांच्या यादीत एक नंबर. पण पुढच्या हिरव्यातून आवाज येतोय म्हणजे केबल पूर्ण सुटलेली नाही. ती आतून दहा खणांच्या जोडणीवर बसते, त्यातला एक खण मुद्दाम बुजवलेला असतो, उलटी बसू नये म्हणून. जुन्या कॅबिनेटच्या केबलला कधी दोन टोकं असतात, एकावर एसी ९७ (जुनी पद्धत) आणि दुसऱ्यावर एचडी ऑडिओ (नवी पद्धत). एचडी ऑडिओचंच टोक लावायचं. एसी ९७ चं लावलं तर पिन लावल्या-काढल्याची खबर चिपपर्यंत पोचत नाही. ऐकू येतं, माइक मात्र ‘लावलेला नाही’ म्हणून दाखवला जातो.

कॅबिनेट उघडण्याआधी संगणक बंद करून वीजपुरवठ्याची तार काढा, आणि हात कॅबिनेटच्या धातूला लावून मग आत घाला.

पारवा
मागच्या गुलाबीत लावलं, लगेच पट्टी हलली! आत उघडून बघितलं, खरंच केबलला दोन टोकं होती आणि एसी ९७ चं बसवलेलं होतं. बदललं. आता पुढूनही माइक दिसतो. पण आवाज बारीक आहे, ओरडावं लागतं.

कळफलक
रेकॉर्डिंगच्या टॅबमध्ये माइकवर डबल क्लिक, लेव्हल्स. वरची पट्टी ८० ते ९०. खाली मायक्रोफोन बूस्ट असेल, ते दहाच्या टप्प्याने ३० डेसिबलपर्यंत जातं. १० वर ठेवून बघा, मग २०. ३० ला शक्यतो जाऊ नका, बोलण्याबरोबर पंख्याची घरघर आणि कीबोर्डची खडखडही तेवढ्याच पटीने मोठी होते. बोलताना पट्टी साधारण पाऊण उंचीपर्यंत जावी, टोकाला टेकली की आवाज फाटतो.

रिळ
बूस्ट वाढवायच्या आधी दांडी फिरवून बघा. बऱ्याच हेडसेटांचे माइक एकाच बाजूने ऐकतात. बारीक भोकं किंवा जाळी असलेली बाजू ओठांकडे हवी, बोटभर अंतरावर, ओठांच्या समोर नाही तर कोपऱ्याशी, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना फुंकर थेट बसत नाही. दांडी पिळली गेली की जाळी बाहेरच्या बाजूला जाते आणि माणूस सेटिंगमध्ये चूक शोधत बसतो.

स्पंजची टोपी घामाने, धुळीने घट्ट झाली असेल तर काढून साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. माइकच्या भोकात मात्र पाणी, स्पिरिट, फवारा काहीही नको. आतला पडदा फारच नाजूक असतो.

पारवा
दांडी उलटीच होती. फिरवली, बूस्ट १० केलं. झकास. सगळ्यांचे आभार.

उंबरा
धागा वर काढतोय. ब्लूटूथ हेडसेटचं कोणी सांगेल का? गाणी उत्तम वाजतात. कॉल सुरू झाला की गाण्याचा आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. आणि एका लॅपटॉपवर तर माइक यादीतच येत नाही.

शून्य ओहम
तुमची पहिली तक्रार म्हणजे बिघाड नाही, ब्लूटूथची रचनाच तशी आहे. गाण्यांसाठी ए२डीपी नावाची जोडणी वापरली जाते, ती एकाच दिशेने जाते, त्यात माइकला वाट नाही. माइक हवा असला की जोडणी एचएफपीवर (हँड्स-फ्रीवर) जाते, दोन्ही दिशांना चालते, पण दर्जा उतरतो. त्यात आवाज आकड्यांत बदलायची पद्धत सीव्हीएसडी असेल तर सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने, एमएसबीसी असेल तर १६,०००. सीडीला ४४,१०० असतात, यावरून अंदाज घ्या. कोणत्याही ॲपने माइक उघडला की ही अदलाबदल होते, कॉल नसला तरी. मागे उघडा राहिलेला एखादा ब्राउझरचा टॅबही पुरतो.

गाण्याचा दर्जाही हवा आणि बोलायचंही असेल तर इनपुट म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा, आउटपुट हेडसेटच ठेवा.

दुसरं: विंडोज १० मध्ये एकाच हेडसेटच्या दोन नोंदी दिसतात, एक स्टिरिओ आणि एक हँड्स-फ्री. माइक हँड्स-फ्रीच्या नोंदीशी बांधलेला. कोणीतरी ‘आवाज चांगला येईल’ म्हणून हेडसेटच्या सर्व्हिसेसमध्ये हँड्स-फ्री टेलिफोनीची टिक काढून ठेवलेली असेल तर माइक यादीतून नाहीसा होतो. कंट्रोल पॅनेल, डिव्हायसेस अँड प्रिंटर्स, हेडसेटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सर्व्हिसेस, तिथे टिक परत लावा. जमलं नाही तर हेडसेट यादीतून पूर्ण काढून नव्याने जोडा.

उंबरा
टिकच काढलेली होती. लावली, माइक आला.

वेताळ_पंचवीस
यूएसबीचा हेडसेट असेल तर वरचं किती लागू होतं?

खटका
पट्टे, पद्धती, गुलाबी-हिरवं, सगळं बाद. यूएसबी हेडसेटला स्वतःचं साउंड कार्ड असतं, संगणकाला फक्त आकडे मिळतात. त्यात बघायचं एवढंच: हबमधून न लावता थेट मागच्या पोर्टमध्ये लावा, इनपुटमध्ये तोच निवडलाय का बघा, आणि ॲपच्या आत वेगळी निवड असते तीही बघा. झूम, मीट, टीम्स, डिस्कॉर्ड सगळ्यांची स्वतःची यादी असते, ती सिस्टिमचं ऐकेलच असं नाही. एक ॲप माइक धरून बसलं की दुसऱ्याला मिळत नाही असं होत असेल तर माइकच्या ॲडव्हान्स्ड टॅबमधली एक्सक्लुझिव्ह कंट्रोलची टिक काढा.

टाइप-सी ते ३.५ मिमीचा जोड वापरणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. काही जोडांत चिप असते, काहींत नुसत्या तारा. नुसत्या तारांचा जोड फक्त तो चालवू शकणाऱ्या फोनवरच चालतो, बाकी ठिकाणी आवाजही नाही आणि माइकही नाही.

कळफलक
ब्राउझरमध्ये माइकची परवानगी दोन पातळ्यांवर असते. सिस्टिमने ब्राउझरला दिलेली, आणि ब्राउझरने त्या साइटला दिलेली. ॲड्रेसच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर क्लिक करून दुसरी बघा. एकदा ‘ब्लॉक’ दाबलं की ती साइट पुन्हा विचारतही नाही.

मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन. लिनक्सवर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडून एफ६ ने कार्ड निवडा, एफ४ ने कॅप्चर. कॅप्चर चालू-बंद करायला स्पेस. पावूकंट्रोल या आवाजाच्या ॲपमध्ये इनपुट डिव्हायसेसखाली पोर्ट म्हणून ‘हेडसेट मायक्रोफोन’ निवडलेलं हवं, ‘इंटर्नल’ नाही.

वेताळ_पंचवीस
आणि फोनवरही माइक चालत नसेल तर? तार हलवली की मध्येच येतो, मध्येच जातो.

शून्य ओहम
मग तार तुटत आलीय. तुटण्याच्या जागा दोनच समजा: पिनेच्या गळ्याशी पहिल्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये, आणि तार कानाच्या कपात शिरते तिथे. रेकॉर्डिंगची पट्टी समोर ठेवून बोलत बोलत तार बोटभर बोटभर वाकवत चला. जिथे पट्टी उसळते-पडते, तिथे तूट.

त्याआधी फोनचं सॉकेट टॉर्चने बघा. खिशातला कापूस तळाशी घट्ट बसला की पिन केसभर बाहेर राहते आणि बूड आपल्या पत्तीला टेकत नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने काढा, सुई नको. सॉकेट ओलं असेल तरी माइक हरवतो. अँड्रॉइड फोन माइकच्या तारेवरचा रोध मोजून ठरवतो की समोर काय आहे: हजार ओहमच्या वर असेल तर माइक, शून्य म्हणजे प्ले-पॉझचं बटण, २४० म्हणजे आवाज वाढव, ४७० म्हणजे कमी कर. ओलाव्याने रोध घसरला की फोनला वाटतं कोणीतरी बटण दाबतंय. आवाज आपोआप कमी-जास्त होणं, गाणं मध्येच थांबणं, हे त्यातलंच.

मल्टिमीटरने दुसरी कडी आणि बूड यांच्यात मोजा. एक ते अडीच हजार ओहमच्या आसपास आकडा, आणि मीटरची टोकं उलट केल्यावर थोडा वेगळा, म्हणजे माइक ठीक. काहीच आकडा नाही म्हणजे तार तुटलेली. शून्याजवळ म्हणजे तारा एकमेकींना टेकल्यात किंवा बटण अडकलंय.

तांब्याची तार
नवी पिन लावताना एक गोष्ट. हेडसेटच्या आतल्या तारा रंगीत दिसतात तो रंग नाही, लाखेचा थर आहे, आणि तो वीज जाऊ देत नाही. नुसतं सोल्डर लावलं तर ते थेंब होऊन घरंगळतं. सोल्डरिंग आयर्न ३५० ते ४०० अंश सेल्सिअसवर ठेवा, टोकावर सोल्डरचा थेंब घ्या आणि तारेचं टोक दोन-तीन सेकंद त्यात बुडवून ठेवा. बारीक धूर निघतो, लाख काळी पडून बाजूला सरते, आणि सोल्डर तारेवर चकचकीत चढतं. धूर नाकात जाऊ देऊ नका, खिडकी उघडी ठेवा.

बहुतेक वेळा लाल उजवा, हिरवा किंवा निळा डावा, तांब्याचा उघडा ग्राउंड. पण हा नियम नाही. आधी मल्टिमीटरने जोड्या लावून घ्या: ज्या दोन तारांवर एकाच कानात खरखर होते त्यातली एक त्या कानाची, दुसरी ग्राउंड. दोन्ही कानांत खरखर झाली आणि आकडा दुप्पट आला तर ग्राउंड तुमच्या हातात नाही, ती डाव्या-उजव्याची जोडी आहे. उरलेली तार माइकची. आणि पिनेचं बाहेरचं कव्हर व उष्णतेने आवळणारी नळी सोल्डर करायच्या आधी तारेत ओवून घ्या.

वेताळ_पंचवीस
शेवटचं वाक्य वाचेपर्यंत दोन तारा सोल्डर करून झाल्या होत्या. काढतो आता.